लक्ष्मी यात्रेतला सुटलेला न्यूट्रल

गाव बेळगाव तालुक्याच्या पश्चिम टोकाला, चंदगडची हद्द हाकेच्या अंतरावर. जांभ्याचं पठार, मे महिन्याची अखेर आणि बऱ्याच वर्षांनी भरलेली लक्ष्मी यात्रा. देवी गदगेवर, म्हणजे यात्रेतल्या आसनावर, बसलेली, भंडारा उधळायचा होन्नाट उरकलेला, घरोघरी पाहुणे. रात्री शाळेच्या पटांगणात ऑर्केस्ट्रा ठेवला होता. तिन्हीसांजेला वळवाची सर येऊन गेली होती, त्यामुळं कार्यक्रम उशिरा सुरू झाला. रात्री दहानंतर लाउडस्पीकर बंद, हा २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांचा दंडक आता गावोगावी सगळ्यांना पाठ आहे, त्यामुळं जो तो घाईत. साडेनऊच्या सुमारास लाईट गेली. जनरेटर सुरू झाला, चेंजओव्हर (लाईनवरून जनरेटरवर नेणारा स्विच) फिरवला, आणि पुढच्या मिनिटभरात साउंडचे चारही ॲम्प्लीफायर, मिक्सरचा ॲडाप्टर आणि कीबोर्डचा चार्जर गेला. एका ॲम्पमधून धूर निघाला. माणसाला कुणाला काही झालं नाही. पण त्याआधी तासभर निवेदकाला माईक हातात असताना चांगला शॉक बसला होता, आणि तो सगळ्यांनी हसण्यावारी नेला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी साउंडवाल्या पोराचा मला फोन आला. त्याच रात्री आणखी एक कार्यक्रम होता, दुसरे ॲम्प भाड्यानं आणायचे होते, आणि ते त्याच बोर्डाला लावायची त्याची छाती होत नव्हती. ते बरोबरच होतं.

चौघांचं चार तऱ्हेचं बोलणं

गेल्यावर पंचांनी सगळ्यांना मंडपात बसवलंच होतं. साउंडवाल्याचं म्हणणं, जनरेटरचा व्होल्टेज वाढला. जनरेटरचा ऑपरेटर पलीकडच्या भागातला, कन्नड बोलणारा. तो ठामपणे सांगत होता, "करंट सरी ऐतरी", म्हणजे करंट ठीक आहे, आणि पुन्हा पुन्हा मीटरकडं बोट दाखवत होता. मीटर रात्रभर ४१० दाखवत होता, हे पाहणारे आणखी दोघे होते. स्टॉलवाले म्हणाले, आमच्याकडं काहीच झालं नाही, रसाचा मिक्सर चालू होता, पंखे चालू होते. लाईटवाला म्हणाला, "माझे हॅलोजन तर मिणमिणे झाले, मला वाटलं जनरेटर दमला." म्हणजे एकाकडं व्होल्टेज वाढला, एकाकडं कमी झाला, एकाकडं जसाच्या तसा, आणि मीटर म्हणतो सगळं ठीक. पंचांना वाटलं कुणीतरी थापा मारतंय. एका ज्येष्ठांनी तर ॲम्पच डुप्लिकेट असणार असा निकाल देऊन टाकला होता.

या चौघांचं बोलणं एकत्र ठेवलं की दोष जवळजवळ सापडतो. तीन फेजच्या जोडणीत न्यूट्रल, म्हणजे तिन्ही फेजची परतीची सामायिक तार, सुटला की नेमकं असंच होतं.

तीन फेजपैकी कुठल्याही दोन फेजमध्ये साधारण ४०० व्होल्ट असतात, आणि प्रत्येक फेज व न्यूट्रल यांच्यात २३०. हे २३० टिकतात ते न्यूट्रल मध्यभागी घट्ट बांधलेला असतो म्हणून. तो दोर सुटला की मधला बिंदू ज्या फेजवर लोड जास्त त्याच्याकडं ओढला जातो. जड फेजवर व्होल्टेज उतरतो, हलक्या फेजवर चढतो. फेजा-फेजांमधले ४०० मात्र हलत नाहीत. जनरेटरच्या पॅनेलवरचा मीटर फेज-फेज मोजत होता, म्हणून तो अख्खा वेळ ४१० दाखवत राहिला. ऑपरेटर खोटं बोलत नव्हता. त्याच्या मीटरला हा दोष दिसणंच शक्य नव्हतं.

लोडचा हिशेब मी लाईटवाला आणि स्टॉलवाल्यांना विचारून मांडला. लाल फेजवर हॅलोजन आणि मंडपाची रोषणाई, अंदाजे ६ किलोवॅट. निळ्यावर स्टॉल, ४ किलोवॅट. पिवळ्यावर साउंड. लाईट गेल्यामुळं गाणं थांबलेलं, ॲम्प नुसतेच चालू, म्हणजे १ किलोवॅटच्या आतबाहेर. न्यूट्रल नसताना या लोडवर गणित केलं तर लाल फेजला १६६ व्होल्ट येतात, निळ्याला २३७ आणि पिवळ्याला ३१६. हॅलोजन का मिणमिणले, स्टॉलवाल्यांना का कळलं नाही आणि साउंड का गेला, तिन्हींचं उत्तर या तीन आकड्यांत आहे.

त्यातला वाईट भाग पुढं आहे. पिवळ्या फेजवरचा एक ॲम्प मेला की त्या फेजचा लोड आणखी कमी होतो, आणि उरलेल्यांवरचा व्होल्टेज आणखी चढतो. शेवटचं उपकरण उरतं तेव्हा तो ३४७ च्या जवळ पोचलेला असतो. म्हणून न्यूट्रल सुटल्यावर एखादंच उपकरण जात नाही, पाठोपाठ रांग लागते. साउंडवाला सांगत होता की ॲम्प एकदम गेले नाहीत, एकामागून एक गेले. तेही यात बसतं.

चेंजओव्हर उघडल्यावर

जनरेटर बंद करून, मेनचा किटकॅट फ्यूज काढून खिशात घालून मंडपवाल्याचा चेंजओव्हर उघडला. चार पोलचा, मुठीचा, जुना. मेनच्या बाजूचा न्यूट्रल ठीक होता, म्हणून लाईट असताना काही त्रास नव्हता. जनरेटरच्या बाजूच्या न्यूट्रलचा स्क्रू मात्र नुसत्या बोटानं अर्धा आटा फिरला. खाली ॲल्युमिनियमच्या तारेचे पाच-सहा धागे, काही काळे पडलेले, एक वितळून पितळेला चिकटलेला. वायरचं पीव्हीसी बोटभर मऊ होऊन मागं सरकलेलं. तिथं बऱ्याच कार्यक्रमांपासून ठिणग्या पडत असणार.

ॲल्युमिनियमचा हा स्वभावच आहे. स्क्रूच्या दाबाखाली ते हळूहळू पसरतं. गरम-थंड होत राहिलं की जोड आणखी ढिला होतो, वर ऑक्साइडचा थर चढतो, आणि ढिला जोड जास्त तापतो. फेजचा जोड असा झाला तर तो फेज जातो, लाईट विझते, कुणीतरी येऊन बघतं. न्यूट्रलचा जोड शेवटच्या क्षणापर्यंत गप्प असतो. शिवाय हल्ली सगळीकडं एलईडी, चार्जर, नव्या धाटणीचे क्लास-डी ॲम्प अशी इलेक्ट्रॉनिक उपकरणं. त्यांच्यामुळं तिसरा हार्मोनिक, म्हणजे मूळच्या तिप्पट वेगानं हलणारा करंट, तयार होतो, आणि तो तिन्ही फेजमधून येऊन न्यूट्रलमध्ये एकमेकांना रद्द न करता बेरजेनं जमतो. फेज अगदी समतोल असले तरी न्यूट्रल तापू शकतो. साडेतीन कोअरची केबल, म्हणजे अर्ध्या जाडीचा न्यूट्रल, मोटारींच्या काळात चालून गेली. रोषणाई आणि साउंडसाठी ती आता नको.

आपल्याकडं बोर्ड तपासायचा म्हणजे खिशातला टेस्टर लावायचा. टेस्टर पेटला की काम झालं. पण टेस्टर फक्त फेज आहे एवढंच सांगतो. न्यूट्रल घट्ट आहे का, अर्थ (सुरक्षेसाठी जमिनीत उतरवलेली तार) जमिनीपर्यंत पोचलाय का, याबद्दल तो एक अक्षर बोलत नाही. त्या रात्रीही चेंजओव्हर फिरवल्यावर वायरमननं टेस्टर लावला होता आणि तिन्ही फेजवर तो छान पेटला होता.

एमसीबी का पडला नाही

हा प्रश्न तिथल्या प्रत्येकानं विचारला. साउंडच्या लाईनला १६ अँपिअरचा सी प्रकारचा एमसीबी होता, म्हणजे करंट जास्त झाला की आपोआप पडणारा स्विच. एमसीबी अँपिअर बघतो, व्होल्टेज बघत नाही. ३१६ व्होल्टवर नुसत्या चालू असलेल्या ॲम्पमधून ४-५ अँपिअर जात असतील, तर त्याच्या दृष्टीनं सगळं आलबेल असतं. आतला भाग जळून शॉर्ट झाल्यावरच त्याला जाग येते.

मग खोललेले चार ॲम्प पाहिले. त्यांनी बरंच शिकवलं.

दोन जुने होते, जड ट्रान्सफॉर्मरचे. जास्त व्होल्टेज आला की ट्रान्सफॉर्मरचा गाभा चुंबकत्वानं भरून जातो आणि करंट एकदम उसळतो. एकात मागच्या होल्डरमध्ये कंपनीनं सांगितलेल्याच मापाचा काचेचा फ्यूज होता. तो उडाला, बस्स. नवा फ्यूज घातला आणि ॲम्प सुरू झाला. दुसऱ्यात कुणीतरी कधीतरी फ्यूज मिळाला नाही म्हणून तांब्याची जाड तार गुंडाळून बसवली होती. त्याचा ट्रान्सफॉर्मर काळा ठिक्कर, वार्निशचा वास सकाळपर्यंत गेला नव्हता. धूर याचाच. एकाच बनावटीचे हे दोन ॲम्प एकाच रॅकमध्ये, एकाच बोर्डावर होते. त्यांच्या नशिबात फरक पडला तो दहा-वीस रुपयांच्या काचेच्या नळीनं.

उरलेले दोन क्लास-डीचे, हलके. त्यांच्या तोंडाशी एक छोटी चकती असते, एमओव्ही म्हणतात तिला. क्षणभराचा विजेचा झटका पिऊन टाकायला ती बसवतात. सहसा २७५ व्होल्टची असते. क्षणभराचं ठीक, पण सेकंदामागून सेकंद ३१६ व्होल्ट आले तर ती स्वतःच जळते. मागचे मोठे कपॅसिटर ४०० किंवा ४५० व्होल्टचे. २३० व्होल्टचं शिखर ३२५ असतं, तिथं ते आरामात असतात. ३१६ व्होल्टचं शिखर ४४७ वर जातं. दोन्ही ॲम्पच्या कपॅसिटरची डोकी फुगून फुटली होती. "ऐंशी ते दोनशे पासष्ट व्होल्ट" असं ॲम्पवर लिहिलेलं असतं, त्यामुळं साउंडवाल्यांना वाटतं हा कशालाही पुरून उरेल. खालच्या बाजूला तो खरंच पुरतो. वरच्या बाजूला २६५ म्हणजे २६५.

माईकचा शॉक

हे प्रकरण माझ्या मते ॲम्प जळण्यापेक्षा गंभीर होतं, आणि पंचांना त्याचंच काही वाटत नव्हतं. "पावसानं झालं असेल की," असं एकानं म्हटलं. पावसानं फक्त ते जाणवलं. कारण आधीपासून तिथंच होतं.

स्टेजच्या लोखंडी ट्रसवर, म्हणजे सांगाड्यावर, एलईडी पार लाईट (झोताचे दिवे) टांगले होते. प्रत्येकाच्या आत फिल्टरचे छोटे कपॅसिटर असतात, फेज आणि न्यूट्रलपासून बॉडीला जोडलेले. बॉडी अर्थला असेल तर त्यातून झिरपणारा थोडासा करंट गुपचूप जमिनीत जातो. इथं सगळे पार दोन पिनच्या लांबड्या वायरीवरून चालवलेले, अर्थ कुठंच नाही. मग त्या सगळ्यांची झिरप ट्रसवर जमते. मी ट्रस आणि माईकच्या जाळीत मीटर धरला तेव्हा १०८ व्होल्ट आले. व्होल्टेजवर जाऊ नये, डिजिटल मीटर भिजलेल्या दोरीवरही काहीतरी दाखवतो. म्हणून ट्रसपासून रॅकच्या अर्थपर्यंत मिलीअँपिअर मोजले. ७ भरले. साधारण १० मिलीअँपिअरच्या आसपास हाताचे स्नायू आखडून पकड सुटत नाही, आणि ३० च्या पुढं करंट टिकला तर हृदयाची लय बिघडते. मुलांच्या बाबतीत पकडीची मर्यादा त्याहून खाली. त्या दिवशी दुपारी याच ट्रसला धरून शाळेची पोरं लोंबकळत होती.

निवेदक माईक हातात घेऊन ओल्या पाटावर उभा होता, दुसरा हात सहज ट्रसच्या खांबावर टेकवला, आणि मधला दुवा तो झाला. माईकची जाळी केबलच्या शिल्डमधून (आतल्या तारांभोवतीच्या जाळीतून) मिक्सरला, मिक्सर शिल्डमधून ॲम्पच्या बॉडीला, ॲम्प बोर्डाच्या अर्थला.

आता हा बोर्डाचा अर्थ. मंडपाच्या मागं एक सळी, जांभ्यात दोन फूट ठोकलेली, वर हिरवी वायर गुंडाळलेली. अर्थ टेस्टर लावला, ३४० ओहम. अशा सळीच्या भरवशावर एखाद्या ॲम्पच्या बॉडीला फेज लागला तर किती करंट जाईल? २३० भागिले ३४०, पाऊण अँपिअरसुद्धा नाही. १६ अँपिअरचा एमसीबी जन्मात पडणार नाही, आणि बॉडी २३० व्होल्टवर तशीच उभी राहील. त्यात एका ॲम्पच्या प्लगची अर्थची पिनच कापलेली सापडली. का कापली, तर स्पीकरमध्ये घूं असा आवाज येत होता.

या पिन कापण्याबद्दल थोडं सविस्तर लिहितो, कारण निपाणीपासून खानापूरपर्यंत अर्ध्या रॅकमध्ये ती कापलेली सापडते. घूं येतो तो मिक्सर एका बोर्डावर आणि ॲम्प दुसऱ्या बोर्डावर असल्यानं. दोन बोर्डांच्या अर्थमध्ये फरक असतो, आणि तो ५० सायकलचा फरक केबलच्या शिल्डमधून वाहतो. पिन कापली की वाट तुटते, आवाज थांबतो, आणि ॲम्पची बॉडीही बेवारस होते. मग आतून फेज लागलाच तर तो शिल्डवरून थेट गायकाच्या ओठांपर्यंत येतो. उपाय सिग्नलच्या बाजूला करायचा असतो. मिक्सरसाठी ॲम्पच्याच बोर्डावरून वेगळी वायर न्यायची, माईकच्या मल्टिकोअरच्या (अनेक तारांच्या जाड केबलच्या) शेजारून. लॅपटॉप, कीबोर्ड डीआय बॉक्समधून (सिग्नल मिक्सरला जोडून देणाऱ्या छोट्या डबीतून) घ्यायचे, आणि त्या बॉक्सवरचं ग्राउंड लिफ्टचं बटण दाबायचं. ते बटण फक्त सिग्नलचा शिल्ड तोडतं, विजेचा अर्थ नाही. इथं घूं लॅपटॉपमधून येत होता. डीआय बॉक्स लावला आणि कापलेल्या पिनच्या जागी नवा तीन पिनचा प्लग बसवला, तरी आवाज स्वच्छ.

संध्याकाळपर्यंत काय काय केलं

पटांगणाच्या खालच्या अंगाला ओहोळ आहे, तिथं जांभा संपून चिकण माती लागते. महाप्रसादाची भांडीही तिथंच धुतात, म्हणजे जमीन आयतीच ओली. यात्रेसाठी आलेल्या जेसीबीनं दोन खड्डे काढले, तीन मीटरपेक्षा जास्त अंतरावर. प्रत्येकात अडीच मीटरचा जीआय पाइप, भोवती कोळसा-मीठ, वर पाणी. दोन्ही जोडून मोजले तर ११ ओहम. तिथून सहा स्क्वेअरची (सहा चौरस मिलिमीटर छेदाची) तांब्याची हिरवी वायर मंडपापर्यंत आणली, आणि तीच ट्रसला, जनरेटरच्या बॉडीला, रॅकला जोडली. ट्रस आणि माईक यांच्यात पुन्हा मीटर धरला तेव्हा एक व्होल्टसुद्धा भरला नाही.

ज्येष्ठांना वाटलं, एवढा खड्डा केला, आता चिंता मिटली. मिटली नव्हती. ११ ओहमवर फेज लागला तरी करंट २१ अँपिअर. सी प्रकारचा १६ चा एमसीबी झटक्यात पडायला त्याच्या ५ ते १० पट, म्हणजे किमान ८० अँपिअर लागतात. २१ अँपिअरला तो कितीतरी वेळ विचार करत बसेल. तंबूतल्या, मंडपातल्या तात्पुरत्या जोडणीत माणसाला वाचवणारं खरं उपकरण म्हणजे ३० मिलीअँपिअरचा आरसीसीबी, करंट जमिनीकडं झिरपला की लाईन तोडणारा स्विच. त्याला अर्थ फार चांगला लागतही नाही. जुन्या ३४० ओहमवरसुद्धा तो पडला असता. बेळगावात तो कुठल्याही इलेक्ट्रिकच्या दुकानात मिळतो, आणि मंडपाच्या बोर्डात क्वचितच दिसतो. कारण विचारलं तर उत्तर एकच, "तो सारखा पडतो."

पडतो, कारण सगळा गाव एकाच आरसीसीबीवर टाकतात. प्रत्येक एलईडीची, प्रत्येक चार्जरची चिमूटभर झिरप मिळून २० मिलीअँपिअर झाले की तो कधीही पडणार. आम्ही तीन बसवले. साउंडला एक, स्टेजच्या लाईटला एक, स्टॉलला एक. रात्री स्टॉलची लाईन पडली तेव्हा रसवाला धावत आला, "मामा, ते काढून थेट जोडा की, गिऱ्हाईक उभं आहे." थेट जोडलं नाही. एकेक प्लग काढत गेलो, त्याच्याच मशीनची वायर लोखंडी स्टुलाच्या पायाखाली चेपून सोललेली सापडली. स्टूल ओल्या मातीत, आणि त्याला टेकून त्याचा मुलगा ग्लास धूत होता. स्टेजवर मात्र गाणं चालूच होतं, कारण साउंडची लाईन वेगळी.

चेंजओव्हर नवा घेतला, चार पोलचाच. तारांच्या टोकांना लग (धातूची टोपणं) दाबून बसवले, न्यूट्रल पूर्ण मापाचा. जनरेटरचा न्यूट्रल अर्थला जोडलेलाच नव्हता. तसा सुटा ठेवला की शॉक बसत नाही असं ऑपरेटरला कुणीतरी शिकवलेलं. एकच मशीन आणि एकच दिवा असेल तर ते एक वेळ खरं. यात्रेच्या पसाऱ्यात पहिला दोष कुठंतरी गुपचूप होऊन बसतो, आरसीसीबीला तो कळत नाही, आणि दुसरा दोष दुसऱ्या फेजवर झाला की दोन उपकरणांच्या बॉडीत ४०० व्होल्ट उभे राहतात. म्हणून जनरेटरपाशी, आणि फक्त जनरेटरपाशी, न्यूट्रल आणि अर्थ जोडला. मंडपाच्या बोर्डात तो पुन्हा जोडायचा नाही. हेस्कॉमच्या, म्हणजे इथल्या वीज कंपनीच्या, लाईनचा न्यूट्रल ट्रान्सफॉर्मरवर अर्थ केलेला असतोच. लोक हेस्कॉमला अजून जुन्या वीज मंडळाच्या नावानं केईबीच म्हणतात, पण पद्धत तीच.

साउंडच्या बोर्डात व्होल्टेजवर नजर ठेवणारा रिले आणि त्याच्या इशाऱ्यावर लाईन तोडणारा कॉन्टॅक्टर घातला. १९० च्या खाली किंवा २६० च्या वर गेलं की तोडायचं, आणि सगळं स्थिर झाल्यावर अर्ध्या मिनिटानंच परत जोडायचं. दुकानदारानं आधी दिला तो तीन वायरचा फेज फेल्युअर रिले होता. तो परत केला. त्यात न्यूट्रल जातच नाही, तो जनरेटरच्या मीटरसारखाच फेज-फेज बघतो आणि न्यूट्रल सुटला तरी ढिम्म राहतो. चार वायरचा, न्यूट्रलसकट मोजणारा हवा. हा फरक दुकानात आवर्जून विचारावा लागतो, डबी बाहेरून सारखीच दिसते.

एक गोष्ट काही न विकत घेता बदलली. साउंड सुरुवातीपासून जनरेटरवरच ठेवला. लाईट गेली, आली, चेंजओव्हर हलला, ते सगळं दिव्यांनी सोसावं. जनरेटर चालू करून पाच मिनिटं तसाच ठेवला, मग प्रत्येक फेज ते न्यूट्रल वेगळं मोजलं, फेज ते अर्थ मोजलं, आणि शंभरचा पिवळा बल्ब प्रत्येक फेज आणि न्यूट्रलमध्ये लावून पाहिला. कमकुवत न्यूट्रल नुसत्या मीटरला फसवतो, बल्बचा लोड पडला की उघडा पडतो. त्यानंतर मिक्सर, आणि मग ॲम्प एकेक करून. मोठे ट्रान्सफॉर्मर चालू होताना क्षणभर जो करंट ओढतात तो चार जणांनी एकदम ओढला तर एमसीबी उगाच पडतो. बंद करताना उलटं, ॲम्प आधी.

"बारा हजार वॅटला हे पुरेल का?"

जनरेटर ३० केव्हीएचा होता, म्हणजे साधारण २४ किलोवॅट. पोराच्या सुरू झालेल्या एका ॲम्पवर आणि भाड्यानं आणलेल्यांवर मिळून बारा हजारांच्या घरातले वॅट लिहिलेले. कमिटीला भीती, जनरेटर झोपेल. ही भीती बहुधा फुकाची असते. गाणं म्हणजे सतत पूर्ण ताकद नव्हे. ढोलकीच्या थापेला शिखर येतं आणि पुढच्या क्षणी उतरतं. बोलणं आणि साधं गाणं असेल तर सरासरी लिहिलेल्या ताकदीच्या आठव्या हिश्शाच्या आसपास धरतात. २४०० वॅटचा ॲम्प सरासरी ३०० वॅटच बाहेर देतो. त्यासाठी क्लास-डीचा ४००-५०० वॅट घेईल. जुन्या पद्धतीचा दुप्पट घेईल, उरलेलं पंख्यातून गरम हवा होऊन जातं. डीजेचा सलग दाबलेला बेस असेल तर आठव्याऐवजी तिसरा हिस्सा धरावा, आणि तिथं हिशेब खरोखर बदलतो. ऑर्केस्ट्राला साउंडच्या फेजवर क्लॅम्प मीटरनं १४ अँपिअरच्या वर काही गेलं नाही.

खरी अडचण केबलची असते. अडीच स्क्वेअरची तांब्याची वायर ५० मीटर नेली आणि १६ अँपिअर ओढले, तर जाता-येता मिळून १२ व्होल्ट वाटेतच खर्च होतात. बेसच्या प्रत्येक ठोक्याला व्होल्टेज डुचमळतो आणि साउंडवाला म्हणतो ॲम्पमध्ये दम नाही. इथं सहा स्क्वेअर टाकली. उरलेली केबल ड्रमवर गुंडाळलेलीच ठेवायची खोड मात्र मोडावी लागली. गुंडाळीत उष्णता अडकते, वरून हात लावला तर गार, आतले वेढे मऊ.

हॅलोजनही वाटून टाकले, तिन्ही फेजवर जवळजवळ सारखा लोड. पुन्हा न्यूट्रल सुटलाच तर व्होल्टेज तितका पळणार नाही. हा काही बचाव नव्हे, गाणी सुरू-बंद होतात, स्टॉल उघडतात-मिटतात, तोल क्षणोक्षणी बदलतो. पण करायला काही पैसे पडत नाहीत.

भरपाई

पंचांसमोर शेवटी हाच विषय निघाला. मंडपवाला म्हणे जनरेटर माझा नाही, जनरेटरवाला म्हणे चेंजओव्हर माझा नाही, आणि साउंडवाल्याची वायर तर त्या चेंजओव्हरच्या पुढून सुरू होते. प्रत्येकाची हद्द त्या एका स्क्रूपाशी संपत होती आणि तो स्क्रू कुणाचाच नव्हता. कमिटीनं दुरुस्तीचा निम्मा खर्च उचलला, उरलेला मंडपवाला आणि साउंडवाल्यानं वाटून घेतला. क्लास-डीचे दोन्ही ॲम्प एमओव्ही, कपॅसिटर आणि पुढचा ब्रिज बदलून परत आले, पुढचं सर्किट शाबूत होतं. तार घातलेला जुना ॲम्प मोडीत गेला, नवा ट्रान्सफॉर्मर गुंडाळून घेणं परवडेना.

त्या पोरानं आता स्वतःची पेटी केली आहे. चार वायरचा रिले, कॉन्टॅक्टर, आरसीसीबी, तिन्ही फेज न्यूट्रलशी दाखवणारे मीटर, सगळं एका लोखंडी खोक्यात, खाली जाड तीन पिनचे इंडस्ट्रियल सॉकेट. सुपारी घेताना तो आता कागदावर लिहून घेतो की जनरेटरच्या टर्मिनलपासून रॅकपर्यंतची केबल आणि जोड त्याचेच असतील, मधे दुसऱ्या कुणाचा बोर्ड येणार नाही. मंडपवाले यावर कुरकुरतात, कारण त्यांच्या बिलातली एक ओळ कमी होते. जनरेटरवाल्यांनी लगेच मान्य केलं.